आमची मार्गी लागली

“आमची मार्गी लागली गं एकदाची. आता आमचं आम्ही बघायला मोकळे.”

आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. पलीकडे पुण्याची मावशी असणार, कारण आवाज चढा होता आणि कुकरची शिट्टी झाली तरी आई थांबली नाही. मी सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटच्या दारात उभी होते. एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी सोडत होते. बाहेरचं जाळीचं दार लोटलेलं आणि आतलं उघडं, त्यामुळे मी आल्याचं कोणाला कळलं नव्हतं.

मार्गी लागली होती ती मी.

शनिवार होता. वुडलँड्सच्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून एमआरटीच्या ट्रेनने यायला बराच वेळ लागतो आणि तो सगळा वेळ मी एक वाक्य मनात घोळवत आले होते. माझी नोकरी वर्षाच्या करारावरची होती. करार पुढे वाढवणार नाही, असं त्या आठवड्यात मला काचेच्या एका छोट्या खोलीत बसवून, फार गोड बोलून सांगितलं गेलं होतं. घरी मी ते सांगितलं नव्हतं. ते आज सांगायचं आणि पाठोपाठ हेही, की मी परत राहायला येते. माझी खोली जशीच्या तशी आहे, तिथे येते. एवढंच वाक्य होतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला कानाने आलं, घरातल्या घरात. त्यामुळे काही काही शब्द मला अर्थाच्या आधी चित्र म्हणून दिसतात. लहानपणी कोणीतरी एका मामेभावाबद्दल ‘तो मार्गी लागला’ असं म्हणालं, तेव्हा मला तो रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभा दिसला होता. पुढे कुठे जायचं ते त्याला माहीत नाही आणि सगळी मोठी माणसं मात्र खूश. पुष्कळ वर्षांनी कळलं की ह्याचा अर्थ नोकरी लागली, आता काळजी नाही. तरी चित्र काही पुसलं गेलं नाही. त्या दिवशी दारात, एका पायात बूट घालून उभी असताना मला तो मामेभाऊच आठवला.

दुसरा बूट काढून मी आत गेले.

जेवणाच्या टेबलावर बाबा लॅपटॉप उघडून बसले होते. “या मॅडम. अगदी वेळेवर. बसा, तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे.”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एका पांढऱ्या, उंच, लांबट गाडीचा फोटो होता.

“ॲम्ब्युलन्स?” मी विचारलं.

“ॲम्ब्युलन्स कसली. मोटरहोम आहे. आत पलंग आहे, गॅली आहे, टॉयलेट आहे.”

“अहो, गॅली काय,” आई आतून म्हणाली. “ओटा म्हणा. जहाज नाहीये ते.”

“ओटा एवढासा नसतो.”

“मग मी त्यावर काय करणार आहे, ते एकदा सांगा.”

बाबा मरीन इंजिनियर. माझं अर्धं लहानपण ते जहाजावर होते आणि नंतर सिंगापूरलाच किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. आता जहाजं दुसरेच लोक चालवतात आणि त्यांची इंजिनं कुरकुरायला लागली की बाबांना फोन करतात. फोन कुठूनही घेता येतो. आई एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या टीमची मॅनेजर आहे. तिची निम्मी टीम पुण्यात बसते, आणि उरलेल्या निम्म्यांना ती महिनोन्‌महिने प्रत्यक्ष भेटत नाही. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. निवृत्त व्हायचं दोघांच्याही मनात नाही. मी वुडलँड्सला ऑफिसजवळ खोली घेऊन राहायला गेले, आणि तेव्हापासून संध्याकाळी ते दोघं अशा गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचे, हे मला माहीत होतं. मला वाटलं, लोक घरांचे बघतात तसे बघत असतील.

आई काकडीची कोशिंबीर घेऊन आली. “दाखवलीत का तिला? म्हटलं होतं ना, आधी जेवू द्या.”

जेवताना सगळं कळलं. पुलापलीकडे मलेशियात, जोहोरमध्ये, एक चिनी काका आहेत, ते ही गाडी वर्षभरासाठी भाड्याने देतात. ह्या फ्लॅटचा करार संपत आला आहे, तो पुढे करायचा नाही. सामान कमी करायचं. गाडीतून मलेशियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, मनाला येईल तिथे थांबायचं, सकाळी लॅपटॉप उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. बाबांनी बोटाने टेबलावरच किनारा काढून दाखवला. वरणाचा एक थेंब मध्ये आला, तो त्यांनी बेट म्हणून धरला.

“आणि ऑफिस?” मी इंग्रजीत विचारलं. घरी मी बहुतेक इंग्रजीतच उत्तरं देते, ते दोघं मराठीत बोलतात, आणि ह्याचं आम्हाला कधी काही वाटलेलं नाही.

“ऑफिसला काय कळतंय,” आई म्हणाली. “तिकडे घड्याळ हेच. नेट असलं की झालं. घरूनच काम करते म्हणून सांगितलंय, घर कुठे आहे ते कोणी विचारलेलं नाही.”

“आणि घर?”

“घर म्हणजे हे? भाड्याचंच तर आहे. आणि दोन माणसांना तीन खोल्या कशाला लागतात? तुझी खोली नुसती झाडायची आणि दार लावून घ्यायचं. मला तर हल्ली तिथे जायलाही नको वाटतं.”

हे शेवटचं वाक्य तिने कोशिंबीर वाढता वाढता म्हटलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण ती वाटीकडे बघत होती.

“So nice,” मी म्हणाले.

“बघा,” आई बाबांना म्हणाली. “तुम्ही उगीच घाबरत होतात. हिला वाईट वाटेल म्हणून महिनाभर गप्प बसलेत.”

“मी कुठे घाबरलो.”

“मग काय मी?”

ते दोघं हसले. मीही हसले. माझं वाक्य तोंडात होतं, त्यावर मी पाणी प्यायले.

नंतर मी ह्याचा पुष्कळ विचार केला, की मी तेव्हाच का बोलले नाही. भिडस्त आहे म्हणून, हे उत्तर घरात सगळ्यांना चालतं. पण मला तेव्हा दोन भीती वाटत होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. एक अशी, की मी बोलले तर ते दोघं त्याच क्षणी सगळं रद्द करतील. बाबा लॅपटॉप मिटतील, आई म्हणेल ‘अगं, मग त्यात काय’, आणि पुन्हा कधी त्या गाडीचं नावही निघणार नाही. दुसरी भीती अशी, की ते रद्द करणार नाहीत. एकमेकांकडे बघतील, आणि कोणीतरी अगदी प्रेमाने विचारेल की तिकडेच दुसरी नोकरी नाही का मिळणार. दोन्हीपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना. न बोलता राहिलं तर निदान दोन्ही होणार नव्हतं.

वुडलँड्सची माझी खोली एका वयस्कर बाईंच्या फ्लॅटमध्ये होती. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या. स्वयंपाक करायचा नाही, पाणी तापवलेलं चालेल, एवढा त्यांचा नियम. खिडकीतून दूर, इमारतींच्या फटीतून, जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसायची. नोकरीचा शेवटचा दिवस होऊन गेल्यावरही मी सकाळी ठरलेल्या वेळेला कपडे करून बाहेर पडायचे, कारण त्यांनी विचारलं असतं. वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे माझ्यासारखे पुष्कळ असतात. चेहऱ्याने ओळख होते, बोलत कोणी नाही. मी अर्ज पाठवायचे. उत्तर आलं तर ‘ह्या वेळी नाही’ असं यायचं, आणि बहुतेक वेळा यायचंच नाही. दुपारी हॉकर सेंटरला एक वाटी सूप घेऊन बसायचे आणि टेबल पुसणारी बाई दुसऱ्यांदा आली की उठायचे.

त्या दिवसांत मी ते वाक्य मराठीत जुळवायचा प्रयत्न करत होते. इंग्रजीत ते सोपं होतं, पण इंग्रजीत ते घरमालकाला विचारल्यासारखं वाटायचं. ‘काही दिवस परत येऊन राहिले तर चालेल का’, असं. आईला मी असं विचारू शकत नव्हते. आणि मराठीत माझ्याकडे शब्द थोडे. त्यातल्या त्यात साधा म्हणून मी एकदा फोनवर म्हणाले, “आई, मी घरी येऊ का?”

“ये की,” आई म्हणाली. “विचारतेस काय वेड्यासारखं. शनिवारी ये. येताना कढीपत्ता आण, इथला संपलाय.”

“नाही, म्हणजे राहायला.”

“रविवारी राहा ना मग. सकाळी पोहे करू. बाबांना म्हणावं, त्या गाडीचे व्हिडिओ दाखवून हिला पिडू नका.”

मी कढीपत्ता घेऊन गेले. रविवारी पोहे खाल्ले आणि परत आले.

मग मी शब्द शोधत राहिले. ‘कायमची’ हा शब्द मला सापडला, पण तो बोलता येण्यासारखा नव्हता. आमच्या नात्यातल्या एका ताईबद्दल मी तो ऐकला होता. ‘ती आता कायमची परत आली आहे’, असं आई मावशीला सांगत होती, आणि मी खोलीत शिरल्याबरोबर विषय बदलला होता. त्या ताईचा नवरा तिला नांदवत नव्हता. मुलगी कायमची परत आली, म्हणजे तसंच काहीतरी झालेलं असणार. माझं तर लग्नही झालेलं नव्हतं. मला नुसती माझी जुनी खोली हवी होती, आणि त्याला माझ्या मराठीत शब्द नव्हता. असेलही. मला माहीत नव्हता.

सामान आवरायला मी दोन शनिवार-रविवार गेले. एखादं घर उचलताना त्यातल्या वस्तू किती पटकन सामान होतात, ते मी पाहिलं. सोफा एका तमिळ कुटुंबाला गेला. कपाटं फोडून खाली नेली. बाबा जहाज सोडताना करत असतील तसं करत होते, एकेका खोलीत उभे राहून बोट दाखवत. “हे जाणार. हे जाणार. हे तुझ्या आईला विचार.” त्यांना सवय होती. दर काही महिन्यांनी केबिन रिकामी करून उतरायचं आणि पुढचा माणूस येणार. एकदा ते मला म्हणाले, “बघ, सामान जितकं कमी तितका माणूस हलका.” मी त्यांना विचारलं नाही, की जहाजावरून उतरून ते कुठे यायचे.

माझी खोली आईने शेवटी घेतली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो, मध्ये शाळेच्या वह्या, जुने कपडे, एक बंद पडलेला कीबोर्ड.

“हे तू घेऊन जा,” आई म्हणत होती. “हे पण. हे ठेवू नकोस, हे टाक. हे काय आहे? घेऊन जा.”

“My room is so small,” मी म्हणाले.

“मग टाक. माझ्याकडे तर खणही नाहीये आता. एक पेटी पलंगाखाली, तीही बाबांच्या हत्यारांनी भरली.”

मग ती एक फ्रॉक हातात धरून बसली. तो फ्रॉक तिने ठेवला नाही आणि टाकलाही नाही, नुसता घडी घालत राहिली. म्हणाली, “लग्न झाल्यावर मी बाबांबरोबर जहाजावर गेले होते, तुला सांगितलंय ना. बायकोला नेता यायचं. काय दिवस होते गं. सकाळी उठलं की दुसराच देश. बाबा खाली इंजिनात, आणि मी वर रेलिंगला टेकून दिवसभर बघत. कोणी विचारत नव्हतं, आज काय केलंस. मग तुझी चाहूल लागली आणि मला उतरवलं. डॉक्टर म्हणाले, आता बोट नको. तेव्हापासून मी उतरले ती उतरलेच.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिला गंमत वाटत होती, की इतक्या वर्षांनी पुन्हा तसंच निघायचं आहे, फक्त पाण्याऐवजी रस्त्यावरून. तिच्या डोळ्यांत मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. एका तरुण मुलीच्या डोळ्यांत एखाद्या गोष्टीची वाट बघताना असतं तसं. माझं वय तेवढं आहे. माझ्या डोळ्यांत तसं काही नसतं.

“तुला वाईट नाही ना वाटत?” तिने विचारलं. एकदम विचारलं, फ्रॉक बाजूला ठेवून. “खरं सांग. आमचं काय, आम्ही अजूनही थांबू शकतो.”

असं तिने विचारलं होतं. हे मला लिहायलाच हवं. तिने विचारलं, माझ्याकडे बघून विचारलं, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

“No lah,” मी म्हणाले.

शाळेत आम्ही सगळ्या मुली असंच बोलायचो. नुसतं ‘नो’ म्हटलं की समोरचा विचारतो का, काय झालं. ‘नो ला’ म्हटलं की विषय संपतो. आईला सिंगापूरची इतकी वर्षं झाली तरी ती हे बोलत नाही, पण समजतं तिला.

“बरं,” ती म्हणाली आणि फ्रॉक टाकायच्या पिशवीत ठेवला.

ते गेले त्या दिवशी मी जोहोरपर्यंत गेले होते. चिनी काकांनी गाडीवर लाल कागद लावला होता, सुखाचा प्रवास व्हावा म्हणून. आईने स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिलं आणि एक नारळ बाबांनी चाकासमोर फोडला, तो काकांना फार आवडला. बाबांनी आरसे तीनदा नीट केले. मला आईने जवळ घेतलं आणि म्हणाली, “जेवत जा गं नीट. वाळलीयस.” मी मान हलवली. गाडी वळताना मागून खूप मोठी दिसली आणि मग एकदम नेहमीच्या रहदारीतली एक होऊन गेली.

नंतरचे काही महिने फोटो यायचे. लाटा, कोळंबी, बाबांच्या टोपीचे निरनिराळे फोटो, चांदण्याखाली दोन खुर्च्या. आई दिवसभर काम करून संध्याकाळी वाळूतून चालायची. तिचं वजन उतरलं होतं. व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, ऑफिस कसं आहे, आणि मी म्हणायचे, ओके. माझ्या खोलीच्या बाईंनी सांगितलं होतं, की त्यांची नात शिकायला येणार आहे आणि त्यांना खोली लागेल. मी हो म्हटलं. कुठे जायचं ते ठरवायला वेळ होता, तो मी वाचनालयात घालवला.

मग एका बुधवारी मी ठरवलं, की आता सांगायचंच. गाडी फिरून पुन्हा जोहोरच्या बाजूला आली होती. समुद्राकाठी माडांखाली एक जागा होती, तिथे पाणी आणि वीज मिळायची आणि म्हणून ते तिथे आठवडाभर थांबले होते. मी बसने पलीकडे गेले. बाबा मला घ्यायला आले. “आज ऑफिस नाही?” त्यांनी विचारलं.

“Leave,” मी म्हणाले.

मी त्या गाडीत पहिल्यांदाच नीट बसले. सगळं होतं, आणि प्रत्येक गोष्ट दुसरं काहीतरी होती. पायरी म्हणजे चपलांचा खण. टेबल खाली पाडलं की पलंग. बाबांनी ते मला करून दाखवलं, गाद्या सरकवून. “तू आलीस की इथे. पाय थोडे दुमडावे लागतील. पाहुण्यांसाठी एवढंच.”

“पाहुणे काय म्हणता तिला,” आई म्हणाली.

“मग काय म्हणू, क्रू?”

त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा जहाजाचं इंजिन थंड ठेवायचं पाणी तापत होतं. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि छपराच्या सावलीत खुर्चीवर बसले. आईची पुण्याबरोबर मीटिंग होती. तिने टेबल पुन्हा वर केलं, लॅपटॉप मांडला, केस नीट केले. मला खूण केली, तिकडे बस, आणि मी टोकाच्या गादीवर पाय घेऊन बसले. तिथून मला तिच्या लॅपटॉपचा पडदा दिसत होता.

पडद्यावर ती आमच्या पासिर रिसच्या हॉलमध्ये बसली होती.

मागे आमचा सोफा होता, पिवळा पडदा, कोपऱ्यातलं मनीप्लांट, भिंतीवरचं घड्याळ. सामान हलवण्याआधी तिने फोटो काढून ठेवला असणार. तिच्या डोक्याभोवती कडा थोडी थरथरत होती आणि ती हलली की खांद्यापाशी एक बारीक फट दिसायची, त्या फटीत गाडीची खिडकी, आणि मग परत आमचा हॉल. पुण्याच्या लोकांना ते दिसत नसेल किंवा त्यांनी पाहूनही काही म्हटलं नसेल. घड्याळात कायम सव्वाअकरा वाजलेले होते.

मी त्या हॉलकडे बघत बसले. मीटिंगभर बघत होते. माझ्या खोलीचं दार फोटोत उजव्या टोकाला आलं होतं, अर्धं. ते उघडं होतं. फोटो काढला त्या दिवशी मी आले नव्हते, म्हणजे ते आईनेच उघडून ठेवलं असणार.

एकेक जण ‘थँक यू’ म्हणत निघून गेले. मला वाटलं, संपलं. मी मनात वाक्य म्हणून पाहिलं, ह्या वेळी मराठीत, सरळ, आणि पाण्याची बाटली घ्यायला उठले. ओट्याकडे जायला आईच्या मागूनच वाट होती.

“अगंबाई, मॅडम, मागे कोण?” लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज आला. एक जण राहिली होती. वयाने आईएवढी, गळ्यात ओळखपत्र.

मी पडद्याकडे पाहिलं. आमच्या सोफ्यावरून माझा चेहरा उगवला होता, एक कान नव्हता.

“माझी मुलगी,” आई म्हणाली.

“हो का? मला वाटलं, ती वेगळी राहते. तुम्हीच म्हणाला होतात ना, नोकरी लागली, मार्गी लागली म्हणून.”

आईचा हात टेबलावर सपाट झाला होता. ऑफिसला सांगितलेलं घर तिच्या मागे होतं, आणि मी त्या घरात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर बाबा जहाजाला सांगत होते, “थांबा, बंद करू नका, अजून बंद करू नका.”

“ये ना इकडे, नीट दिसू दे,” ती बाई मला म्हणाली. आवाज प्रेमळ होता. “काय करतेस गं सध्या?”

मी आईच्या खांद्याशी वाकले. पडद्यावर माझा कान परत आला. मागे पिवळा पडदा होता आणि माझ्या खोलीचं दार.

“सध्या घरीच असते मी, काकू.”